कपाटाची तालीम

मानवजातीच्या इतिहासात चारच शोध खऱ्या अर्थाने क्रांतिकारक ठरले: अग्नी, चाक, लिपी आणि स्वतःहून आवरलं जाणारं खेळण्यांचं कपाट. 'ठाकठीक' कंपनीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तसं छापलंच होतं. पोतनीसांच्या घरी ते पत्रक चार घड्या घालून जेवणाच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलेलं होतं, आणि तिथे ते आपलं काम चोख बजावत होतं.

कपाट आलं तेव्हा चिन्मयी सहा वर्षांची होती आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सांगलीला विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यातली मागची छोटी खोली चिन्मयीची, असं आपलं म्हणायचं. तिचं राज्य पार मोरीपर्यंत पसरलेलं. मण्यांची बरणी उपडी, खडूंचे तुकडे गादीखाली, डिंकाची बाटली तोंडाशी वाळून बंद पडलेली, आणि लोकरीच्या गुंड्यात अडकलेलं एक प्लास्टिकचं झुरळ, जे खरं समजून शिरीषने दोनदा चपलेने मारलं होतं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे तर वर्षभर घरभर पहाऱ्यावर असत. त्यात हेमांगीची स्वतःची भर होतीच: श्रीखंडाचे रिकामे डबे, मिठाईची खोकी, लग्नपत्रिकांच्या सोनेरी पाठी, धुऊन वाळवलेल्या आइस्क्रीमच्या काड्या. सगळं हस्तकलेला लागतं म्हणून. हेमांगीच्या माहेरी कुठलीच वस्तू कधी मरत नसे. ती फक्त माळ्यावर जात असे.

कपाट बसवायला कंपनीचे कुपवाडे नावाचे गृहस्थ आले. गळ्यात टाय, पायात मोजे, एका मोज्याला भोक.

"मॅडम, एक शेवटचा प्रश्न," टॅबवर बोट धरून ते म्हणाले. "दर वाढदिवसाला कपाट बेबीची नवी प्रत तयार करणार. जुनी प्रत काढून टाकायची ना?"

"प्रत म्हणजे?"

"म्हणजे तिच्या सवयींची हो. मुलं मोठी होतात, सवयी शिळ्या होतात."

"जागा खाते का ती?"

"तशी जागा नाही खात, पण..."

"मग असू दे की. लागेल कधीतरी."

"मॅडम, जर्मनीत कुणी ठेवत नाही."

"जर्मनीत माळे नसतील," हेमांगी म्हणाली.

कुपवाड्यांनी 'असू दे'वर बोट टेकवलं आणि चहा घेऊन गेले.

यामागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. मूल उद्या काय मागेल हे ओळखून तेवढंच हाताशी ठेवायचं आणि बाकीचं वर सरकवायचं, एवढंच कपाटाला करायचं होतं. आधीच्या कपाटांनी मोजदाद करून पाहिली: बाहुली इतक्या वेळा, ठोकळे तितक्या वेळा. ती सगळी साफ आपटली, कारण खेळ हा काही किराणा नव्हे. काल हत्ती लागला म्हणून आज लागत नाही. काल हत्ती आजारी पडला म्हणून आज इंजेक्शन लागतं, आणि इंजेक्शन म्हणून खडू. तेव्हा कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं की उद्याचा खेळ ओळखायचा तर तो खेळून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. छतातल्या कॅमेऱ्याने आणि फळ्यांखालच्या संवेदकांनी मुलाचं सगळं टिपून घ्यायचं: ते वस्तू कशी धरतं, कशाला कशाजवळ नेतं, कुठे थबकतं. त्यातून त्या मुलाची एक प्रत बनवायची. आणि मूल घरात नसताना कपाटातल्या दोन रबरी हातांनी त्या प्रतीला खेळू द्यायचं. कंपनी याला 'तालीम' म्हणत असे. तालमीत जे लागलं ते खालच्या फळीवर. जे लागलं नाही ते वर. मूल शाळेतून यायच्या आत सगळं जागच्या जागी.

आणि ते चाललं, अगदी उत्तम चाललं. चिन्मयी खोलीत शिरली की हवं ते हाताशी असे. खेळून उठली की मागे हात निघून पसारा गिळून टाकत. शेजारच्या बायका बघायला येत. शिरीष पोतनीस कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा, तो म्हणाला, "चला, घरात एक तरी जण काम करतंय."

चार वर्षं गेली.

हेमांगी घरूनच एका आरोग्यविमा कंपनीचं काम करायची. लोकांचे दावे तपासायचे आणि शक्यतो नाकारायचे. कानाला हेडफोन, खोलीचं दार बंद. मग कंपनीने नाकारायचं कामही यंत्राकडे दिलं आणि हेमांगीकडे फक्त नाकारलेल्यांशी सहानुभूतीने बोलणं उरलं. लोकांना सहानुभूती नको होती, त्यामुळे दुपारी तिला वेळ मिळू लागला. अशाच एका दुपारी हेडफोन काढून ती पाणी प्यायला उठली आणि मागच्या खोलीतून तिला भांड्यांचा आवाज आला. चिन्मयी शाळेत होती.

हेमांगीने दार ढकललं. कपाट उघडं होतं. दोन्ही हात जमिनीवर उतरले होते आणि भातुकली मांडली होती.

ते हात करड्या रंगाचे होते, मनगटाशी वायरी, बोटं चारच. पण उजव्या हाताने कढई धरली होती ती मुठीत, अंगठा आत घेऊन. तशी कढई जगात एकच मूल धरायचं. भाला मोडलेला एक मावळा काडेपेटीच्या पलंगावर निजला होता. त्याच्या कपाळावर क्रेप कागदाची ओली पट्टी होती. डाव्या हाताने पट्टी उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली. उजव्या हाताने कढईतले मणी ढवळले. मग त्यातला एक मणी उचलून मावळ्याच्या तोंडाशी नेला, आणि तिथे क्षणभर थबकला. फुंकर घालण्यापुरता.

कपाटाच्या कपाळावर एक छोटी पट्टी होती; खेळणाऱ्याचं नाव तिच्यावर उमटे. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: चिन्मयी.

हेमांगीने दार लावून घेतलं आणि कुपवाड्यांना फोन केला.

"बरोबरच आहे मॅडम," कुपवाडे म्हणाले. "तुमच्याकडे पाच प्रती आहेत. कपाट सगळ्यांत जास्त भरलेली प्रत चालवतं. दहा वर्षांची बेबी खेळतच नाही म्हटल्यावर तिच्या प्रतीत आहे काय? रिकामीच. सहा वर्षांची मात्र गच्च भरलेली. एका वेळी एकच चालते. बाहेरच्या देशांत हे होतच नाही, जुनी प्रत कुणी ठेवत नाही. आपल्याकडे घरोघरी झालंय. नाशिकला एक आजोबा रोज..." ते थांबले. "जाऊ दे. काढून टाकायची का?"

"बघते," हेमांगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नुसती बघायलाच गेली होती. दाराशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पाय दुखले म्हणून बसली. हातांनी तिची दखल घेतली. उजवा हात सावकाश पुढे आला आणि बोटभर उंचीचा एक कप त्याने तिच्या गुडघ्याशी ठेवला. कप रिकामा होता. हेमांगीने इकडेतिकडे पाहिलं आणि चहा प्यायला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

डाव्या हाताने तत्परतेने एक पांढरा मणी आणला.

मग ती रोज जाऊ लागली. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? ही आठवण असती तर गोष्ट वेगळी होती. आठवण ठरावीक ठिकाणी संपते. इथे रोज नवा खेळ होता. सहा वर्षांच्या चिन्मयीने कधीच न खेळलेला, पण खेळली असती तर नेमका असाच. लोकरीचा पूल झाला, झुरळाचं लग्न झालं, वरातीला पत्रिकांच्या पताका लागल्या. हेमांगी खळखळून हसे, आणि हसताना तिच्या मानेवर काटा येई, कारण खोलीत दुसरं कुणीच हसत नसे.

एकदा हातांनी भातुकलीतलं उलथनं काढलं. त्याला रुमालाची साडी नेसवली. डोक्याच्या दोन बाजूंना लोकरीचे दोन गोळे चिकटवले आणि ते भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बाकी सगळे जेवायला बसले. उलथनं भिंतीकडेच पाहत राहिलं. हेमांगीने बराच वेळ विचार केला की हे कोण असावं. मग तिचा हात आपसूक कानाकडे गेला. हेडफोन गळ्यात होता.

त्याच आठवड्यात ती खेळात रंगली असताना मीटिंगची घंटी वाजली. ती उठता उठता सवयीने म्हणाली, "थांब हं, आलेच."

मीटिंग लांबली, पाठोपाठ दुसरी आली. शाळेची बस यायच्या सुमारास ती खोलीत डोकावली. उजवा हात होता तिथेच होता: जमिनीपासून वीतभर वर, बोटांत कप, तिच्या रिकाम्या जागेकडे वळलेला. मोटरची बारीक थरथर ऐकू येत होती. ती खाली बसली तसा हात पुढे आला आणि त्याने कप तिच्या गुडघ्याशी ठेवला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

थांबायला त्याला कंपनीने शिकवलेलं नव्हतं. प्रतीमध्ये फक्त मुलाकडून आलेलं असतं.

त्या दिवशी जेवताना चिन्मयी म्हणाली, "आई, ते कपाट काढूया ना. मला त्या भिंतीला मल्लखांबाचं सामान ठेवायचंय. भातुकली वरच्या मजल्यावरच्या बाळाला देऊन टाक."

"असू दे गं. तुझ्या मुलांना होईल."

"मी दहा वर्षांची आहे, आई!"

"माझ्याकडे बघू नकोस," शिरीष आमटी ओरपत म्हणाला. "तुझ्या आईने माझ्या मुंजीची लंगोटी ठेवली आहे. कुणाला होणार आहे ती, मला अजून कळलेलं नाही."

"आणि आई, माझ्या खोलीत कुणी बसतं का गं? सतरंजी गरम असते."

"ऊन येतं," हेमांगी म्हणाली. ती खोली उत्तरेकडे होती. चिन्मयीने ताटावरून मान वर केली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा जेवू लागली.

शाळेतल्या शिक्षकांना निवडणुकीच्या प्रशिक्षणाला बोलावलं म्हणून एके दिवशी शाळा मधल्या सुट्टीतच सुटली. चिन्मयी किल्लीने दार उघडून आत आली. मागच्या खोलीत आईचा आवाज येत होता. असा आवाज तिने फोनवरसुद्धा कधी ऐकला नव्हता: लाडिक, सावकाश, अजिबात घाई नसलेला.

"अगंबाई, त्याला ताप? मग काढा नको का द्यायला?"

चिन्मयी दारात उभी राहिली. आई मांडी घालून जमिनीवर, हातात बोटभर कप. समोर दोन रबरी हात. कपाटाच्या कपाळावर हिरवं नाव.

"आई, कुणाशी बोलतेस?"

हेमांगी दचकली. कप मात्र तिने सोडला नाही. "चिनू! लवकर कशी? अगं, हे... कपाट तालीम करतंय."

"तिथे माझं नाव का आहे?"

हेमांगीने सांगितलं. फारसं लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. चिन्मयी दप्तर न काढता ऐकत होती. हात काढा ढवळत होते.

"म्हणजे ही मी आहे."

"सहा वर्षांची तू."

"मी असं करायचे?"

"अगदी अस्संच. मूठ बघ ना तुझी."

"तुला काय माहीत?" चिन्मयी म्हणाली. "तू कधी बघितलंस?"



चिन्मयी पुढे झाली, खाली बसली आणि कढईला हात लावला. पट्टीवरची अक्षरं लुकलुकली; हिरव्याच्या खाली पिवळं उमटलं: पाहुणे. उजवा हात अदबीने मागे सरला. डाव्याने कपाटात चाचपून कान तुटलेला एक कप काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

चिन्मयीने तो ओळखला. "हा सुलूमावशीचा कप. मला ती आवडायची नाही म्हणून तिला फुटका द्यायचे." ती कपाकडे बघत राहिली. "मला फुटका दिला हिने."

"मशीन आहे गं ते."

"मग तू रोज कशाला बसतेस?"

यावर शिरीषने काहीतरी चटकदार उत्तर दिलं असतं. पण तो कॉलेजात मागणी-पुरवठ्याचा नियम शिकवत होता.

"थांबव तिला," चिन्मयी म्हणाली.

"थांब हं," हेमांगी हातांना म्हणाली, आणि दोन्ही हात हवेत थबकले. एकात डाव, एकात ओली पट्टी. बारीक थरथर सुरू झाली.

"अशी किती वेळ थांबेल ती?"

हेमांगीने हातातला कप खाली ठेवला.

"मला माहितीये किती वेळ," चिन्मयी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. शाळेत काय झालं ते सांगावं तशी ती सांगत होती. "कपाट यायच्या आधी तू थांब म्हणायचीस, मग मी थोडा वेळ थांबायचे आणि आवरायला घ्यायचे. आवरण्यात वेळ जायचा. एकेक मणी बरणीत टाकायचे. मग कपाट आलं. मग आवरायचंपण नव्हतं. नुसतंच थांबायचं."

खालून भंगारवाला ओरडत गेला. हात थरथरत होते.

"हिला काढ, आई. मला राग आलाय म्हणून नाही. ती बिचारी थांबूनच राहील."

हेमांगीने कुपवाड्यांना फोन लावला. ते गाडी चालवत होते, पण मदतीला तत्पर होते. "सोपं आहे मॅडम. कपाटाकडे तोंड करून सगळ्या प्रती काढून टाक म्हणा. तुमच्याच आवाजात लागेल, खातं तुमच्या नावावर आहे."

हेमांगी कपाटाकडे वळली. आयुष्यात तिने श्रीखंडाचा डबासुद्धा टाकलेला नव्हता. हवेतल्या हाताची बोटं तिच्या बाजूला किंचित वळली. तिचा आवाज येणार हे त्यांना कळलं असावं.

"काढून टाक," ती म्हणाली. "सगळ्या."

काहीच भयंकर घडलं नाही. बोटं उघडली, डाव खाली पडला, ओली पट्टी मावळ्याच्या पायावर पडली. हात आपापल्या कप्प्यात जाऊन निजले. हिरवं नाव गेलं. हेमांगी रडली आणि चिन्मयीने तिच्या पाठीवर हात ठेवला, थोडा अवघडून; असं पूर्वी कधी करावं लागलं नव्हतं. मग दोघींनी मिळून पसारा आवरला. मणी बरणीत टाकताना दोघी काहीबाही बोलल्या, एकदा हसल्यासुद्धा. हेमांगीला वाटलं, झालं, सुटलो.

मे महिन्याची सुट्टी लागली. विमा कंपनीच्या यंत्राने एका आमदाराचा दावा नाकारला, त्यामुळे नाकारण्याचं काम पुन्हा माणसांकडे आलं आणि हेमांगीचं दार दुपारी बंद होऊ लागलं. मधूनमधून चिन्मयी डोकावे. हेमांगी हातानेच 'पाच मिनिटं' अशी खूण करी. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात चिन्मयी डोकावायची बंद झाली. मुलगी शहाणी झाली, असं हेमांगीच्या मनात आलं.

मग एका दुपारी दोन मीटिंगांच्या मध्ये तिला मागच्या खोलीतून भांड्यांचा आवाज आला.

चिन्मयी सतरंजीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. समोर कपाटाचे हात उतरलेले. आता त्यांची ढब निराळी होती: मोठी, सावकाश, बोटांच्या टोकांनी धरणारी. उजव्या हाताने बोटभर कप उचलला, प्यायल्यासारखा वाकवला, खाली ठेवला. मग चिन्मयीला हवा तो खडू तिच्या हाताशी सरकवला. चिन्मयी काहीतरी सांगत होती, मल्लखांबाच्या बाईंबद्दल, लांबलचक, मध्येच सोडून पुन्हा धरत. हात तिच्याकडे वळून स्थिर होते. डाव्या हाताने हलकेच तिच्या कपाळावरची बट मागे सारली.

पट्टीवर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: हेमांगी.

त्यात चूक अशी काही नव्हती. प्रती गेल्यावर कपाटाने जवळची टिपणं चाळली होती, आणि गेल्या काही महिन्यांत त्या खोलीत सगळ्यांत जास्त खेळलेली व्यक्ती एकच होती. कपाटाने तिला फक्त जमिनीवर बसलेली पाहिली होती, चहा पिताना, साखर मागताना, झुरळाच्या लग्नात हसताना. दाराबाहेरची हेमांगी त्याला ठाऊकच नव्हती.

"चिनू," हेमांगी म्हणाली. "अगं, मी आहे ना. मी येते ना बसायला. आत्ता येते."

चिन्मयीने मान वळवून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. कामात असताना कुणी हाक मारली तर माणूस पाहतो तसं तिने पाहिलं.

"तुझी मीटिंग आहे ना," ती म्हणाली. "जाताना जरा दार लाव, आई. आवाज येतो."

करडा हात चित्राच्या कोपऱ्यावर अलगद टेकला, कागद हलू नये म्हणून.

हेमांगीने दार लावलं. पॅसेजमध्ये उभी राहून तिने कुपवाड्यांना फोन केला आणि माणूस पाठवून ते कपाट आजच्या आज घेऊन जा म्हणाली. कुपवाडे म्हणाले, मॅडम, नाव सांगा, नंबर सांगा. तिने नाव सांगितलं, नंबर सांगितला. त्यांनी बघून सांगितलं की कपाटाची हमी मार्चमध्येच संपली आहे.